शंभर नावांची यादी

पत्र, थोडक्यात: लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून सत्तावीस वर्षांच्या तरुणाने लिहिलं आहे. बी.कॉम. झाल्यावर चार वर्षं पुण्यात राहून एमपीएससीची तयारी केली. दोनदा पूर्वपरीक्षा निघाली, मुख्यला अडकला. गेल्या वर्षी वडिलांच्या गुडघ्याचं दुखणं वाढलं आणि तो गावी परतला. पाच एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन आणि तूर. आता लातुरातल्या एका खासगी आयुर्विमा कंपनीच्या शाखेतून मुलाखतीचं बोलावणं आलं आहे. फोनवरच्या बाईंनी सांगितलं, की ठरलेला पगार नाही, काम कमिशनवर; पण ‘मेहनत करणाऱ्याला महिन्याला तीस हजार कुठंच गेले नाहीत’. मुलाखत येत्या गुरुवारी आहे. तो विचारतो, मी मुळात बोलका नाही, चार वर्षांची गॅप आहे, विक्रीचा अनुभव शून्य, तर त्यांच्यावर छाप कशी पाडू? आणि शेवटी, जरा बारीक अक्षरात, एक ओळ: ‘लोक म्हणतील, साहेब व्हायला गेला होता, विमे विकायला लागला.’

भाऊ,

छाप कशी पाडू, हे तुम्ही पत्रात तीनदा विचारलंय. मला आधी एवढं सांगा, छाप पडली नाही तर ते तुम्हाला परत पाठवतील असं तुम्हाला का वाटतं?

सरकारी भरतीत जागा मूठभर आणि अर्ज पोतंभर. तिथे माणसं गाळणं हेच मुलाखतीचं काम असतं. तुम्ही चार वर्षं त्याच हवेत काढलीत, म्हणून मुलाखत म्हटलं की टेबलापलीकडच्यांना आपण पसंत पडायचं, एवढंच डोळ्यांपुढे येतं. कमिशनच्या कामात जागा मोजलेल्या नसतात. तुम्हाला पगार द्यायचा नाही, पीएफ भरायचा नाही, बहुतेक ठिकाणी स्वतःची खुर्चीसुद्धा द्यायची नाही. सहा महिन्यांत तुम्ही कंटाळून सोडलंत तर शाखेचं काय गेलं? थोडं प्रशिक्षण आणि थोडा चहा. तोवर तुमच्या घरातली एक, मामांची एक, दोन-तीन मित्रांच्या अशा पाच-सहा पॉलिसी त्यांच्याकडे जमा झालेल्या असतात. समोरच्या मॅनेजरलाही नवे एजंट आणायचं टार्गेट असतं. तेव्हा निवड होईल का, ही धास्ती सोडा. गुरुवारी बहुतेक तुम्ही पास होणारच. ते पास होतात का, हे तुम्हाला बघायचंय.

मी हे ऐकीव सांगत नाही. 2008 च्या सुमाराला मी परभणीत दोन वर्षं विम्याची एजन्सी केली. मुलाखतीला वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत आम्ही अकरा जण होतो. नाव, शिक्षण, ‘आयुष्यात किती कमवायचंय’ असले दोन-चार प्रश्न झाले आणि साहेबांनी प्रत्येकापुढे एक छापील कागद ठेवला. 1 ते 100 आकडे, प्रत्येक आकड्यापुढे रिकामी रेघ. ‘ओळखीची शंभर नावं लिहा. वीस मिनिटं.’ पहिली दहा हातासरशी झाली: भाऊ, मेहुणे, मामा, शेजारच्या काकू. पंचविसापर्यंत शाळेतल्या मैत्रिणी पुरल्या. सदतिसाव्या रेघेवर पेन थांबलं. साहेब पाठीमागे येऊन उभे राहिले. ‘मॅडम, दूध कोण घालतं? किराणा कुणाकडून भरता? लेकराच्या शाळेतल्या बाई?’ एक्केचाळिसाव्या रेघेवर मी माझ्या आत्याचं नाव लिहिलं.

आत्या अंगणवाडीत होती. तिला मी वर्षाला सहा हजार हप्त्याची पॉलिसी दिली. तिला ती पेलणार नाही हे मला कळायला हवं होतं. खरं तर कळलंही होतं, पण मार्च एंड होता आणि मला एक केस कमी पडत होती. तिने दोन हप्ते भरले. तिसऱ्या वर्षी पाऊस गेला, मुलाची फी आली, हप्ता राहिला आणि पॉलिसी बंद पडली. त्या काळी अशा पॉलिसीत तीन वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय मोडून हाती काही येत नसे. आत्याचे बारा हजार गेले. मला त्यातले दीड-पावणेदोन हजार मिळाले असतील. आत्या एका शब्दाने बोलली नाही. अजूनही तिच्याकडे गेले की साखर जास्त घालून चहा देते. तो चहा मला जड जातो.

आज नियम बरे आहेत. 1 ऑक्टोबर 2024 पासून एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असेल तरी पॉलिसी मोडताना काही रक्कम परत मिळते. पूर्ण नाही, काही. पॉलिसीचा कागद हाती पडल्यापासून तीस दिवसांत ती परत करायची मुभाही ग्राहकाला आहे. पण शंभर नावांचा कागद आजही तोच आहे, फक्त कुठे कुठे तो मोबाइलमधल्या कॉन्टॅक्ट लिस्टवरून भरून घेतात. मुलाखतीत बाकी काहीही विचारोत, त्यांना खरं हवं असतं ते या कागदावर. बोलायचं कसं हे ते तुम्हाला चार दिवसांत शिकवतील. तुमची माणसं त्यांना शिकवून मिळत नाहीत.

म्हणून गुरुवारी एक प्रयोग करा. यादी मागितली की शांतपणे म्हणा, ‘सर, पहिले तीन महिने मी नातेवाइकांकडे जाणार नाही. मोंढ्यातले हमाल-मुनीम, शाळेतले शिक्षक, ट्रॅक्टरवाले यांच्यात काम करून बघतो. त्यासाठी तुम्ही काय मदत कराल?’ आणि मॅनेजरच्या चेहऱ्याकडे बघा. तो खुर्ची पुढे ओढून ‘मोंढ्यात कुणाला ओळखता?’ असं विचारू लागला, तर तो माणूस धंदा जाणतो. ‘अहो, आधी घरापासूनच सुरुवात करायची असते’ म्हणून हसला, तर पुढचं तुम्हाला कळलंच.

आता बोलकेपणाचं. विमा विकायला तोंडाळ माणूस लागतो, हे तुमच्या मनात कुणी भरवलं मला माहीत नाही. आमच्या गल्लीत एक एजंटकाका होते. लुनावर फिरायचे, हँडलला रेक्झिनची काळी बॅग. हप्ता न्यायला आले की ओट्यावर बसायचे, चहा प्यायचे, पावती द्यायचे, निघायचे. आमचे शेजारी एसटीत कंडक्टर होते, ते अचानक गेले. सहाव्या दिवशी काका आले. बॅगेतून क्लेमचा फॉर्म काढला. मृत्यूचा दाखला नगरपालिकेतून कोण आणणार, पासबुक कुणाच्या नावाचं आहे, मूळ बॉण्ड कुठल्या पेटीत आहे, एवढंच विचारलं. नॉमिनी म्हणून कंडक्टरांच्या आईचं नाव निघालं. पॉलिसी लग्नाआधीची, बदलायचं राहून गेलेलं. सासू आणि सून यांच्या मधोमध बसून काकांनी तो तिढा कसा सोडवला, ते मला त्या वयात कळलं नाही. त्या वर्षी गल्लीतल्या किती घरांनी त्यांच्याकडे पॉलिसी काढली, ते मात्र आई अजून बोटांवर मोजून दाखवते. काकांनी कुणालाही ‘काढा’ म्हटलं नव्हतं.

कमी बोलणारा माणूस ऐकतो, आणि या धंद्यात ऐकायलाच जास्त लागतं: घरात कमावतं कोण, कर्ज किती, पैसा कुठल्या महिन्यात येतो. मुलाखतीत ‘हे पेन मला विकून दाखवा’ असा जुनाट खेळ अजून कुठे कुठे खेळतात. पेनची तारीफ करत बसू नका. ‘सर, तुम्ही दिवसभरात कशावर सह्या करता?’ असं विचारा आणि त्यांना बोलू द्या.

चार वर्षांची गॅप खाली मान घालून सांगू नका. सरळ सांगा: ‘दोनदा पूर्व पास झालो, मुख्यला राहिलो. त्या चार वर्षांत शासन निर्णय आणि कायद्याची कलमं शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय लागली. पॉलिसीचं बारीक अक्षर मी वाचू शकतो, आणि वाचलेलं गावात मराठीत सांगू शकतो.’ ही बढाई नाही. एजंटांमध्ये पॉलिसीचा कागद पूर्ण वाचलेली माणसं मला फार थोडी भेटली. त्यांत दोन वर्षं मीही नव्हते. एजंट होण्यासाठी प्रशिक्षण आणि आयसी-38 नावाची परीक्षा असते. बहुपर्यायी 50 प्रश्न, एक तास, मराठीतूनही देता येते, पात्रता दहावी. मुख्यला बसलेल्या माणसाला ती अवघड जाऊ नये. तिची फी लागते, आणि ती कोण भरणार, हे आधीच विचारा. मात्र ‘नोंदणी’, ‘डिपॉझिट’, ‘किट’ अशा नावाने कुणी हजारो रुपये मागत असेल, तेही एखाद्याच्या फोन-पेवर, तर तिथून उठा.

एक प्रश्न ते विचारतीलच असं नाही; नाही विचारला तर तुम्हीच काढा. ‘ग्राहकाला शुगर आहे किंवा तो गुटखा-तंबाखू खातो, तर फॉर्ममध्ये लिहायचं का?’ बरोबर उत्तर एकच, लिहायचं. 1938 च्या विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाल्यावर कंपनीला तिच्यावर बोट ठेवता येत नाही. पण त्या तीन वर्षांत माणूस गेला आणि दवाखान्याच्या जुन्या फाइलीत शुगर निघाली, तर क्लेम अडकू शकतो, आणि बाई पदर खोचून येते ती कंपनीच्या दारात नाही, तुमच्या. मॅनेजर म्हणाला, ‘एवढं कुठं लिहीत बसता, प्रीमियम वाढतो’, तर समजा की पुढे प्रत्येक अडचणीत तुम्हाला एकट्यालाच उभं राहायचंय.

तसंच ‘पहिला हप्ता तुम्ही भरा, नंतर कमिशनमधून निघेल’ असं सांगणारे भेटतील. कमिशनमधला हिस्सा ग्राहकाला देणं त्याच कायद्याच्या कलम 41 ने बंद आहे, दंड दहा लाखांपर्यंत. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, स्वतःच्या खिशातून हप्ते भरून टार्गेट गाठणारे एजंट मी पाहिलेत. बायकोचं मंगळसूत्र गहाण ठेवून मार्च एंड काढला त्यातल्या एकाने. एप्रिलमध्ये शून्यापासून पुन्हा सुरुवात.

आता तीस हजारांचं बघू. कागद घ्या. आकडे समजुतीसाठी आहेत, कारण 1 एप्रिल 2023 पासून प्रत्येक पॉलिसीवर किती टक्के कमिशन द्यायचं याची जुनी ठरीव मर्यादा गेली आणि आता कंपनीगणिक दर निराळे आहेत. समजा, वर्षाला 12 हजार हप्त्याची पॉलिसी आणि पहिल्या वर्षी 25 टक्के. तुम्हाला मिळाले 3 हजार. तीस हजारांसाठी महिन्याला दहा पॉलिसी, वर्षाला एकशे वीस. तुमच्या गावात उंबरे किती? शंभर नावांच्या यादीतल्या चाळीस जणांनी, धरून चालू, तुमचं तोंड बघून पॉलिसी काढली, तर ती यादी चार महिन्यांत संपते. पाचव्या महिन्याच्या एक तारखेला सकाळी गाडीला किक मारून तुम्ही कुठल्या दिशेला जाल? याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर काम घ्या. नसेल, तर ते तीस हजार चार महिन्यांचे आहेत, असं धरा. पेट्रोल तुमचं, मोबाइल तुमचा, टीडीएस कापला जाणार तो वेगळा.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मी फक्त घाबरवते आहे असं वाटेल. पॉलिसी चालू राहिली तर पुढच्या वर्षांत हप्त्यामागे थोडं रिन्युअल कमिशन येत राहतं. समजा पाच टक्के, म्हणजे त्याच पॉलिसीमागे वर्षाला सहाशे. साठ पॉलिसी टिकल्या तर छत्तीस हजार, नव्याने दार न ठोठावता. एजंटकाकांचं घर म्हातारपणी यावरच चाललं. म्हणजे या धंद्यात पैसा आहे, पण तो टिकलेल्या पॉलिसीत आहे, आणि हप्ता टिकवणं आपल्याकडे कशावर अवलंबून असतं ते तुम्हाला पुण्याच्या पोरांपेक्षा जास्त कळतं. सोयाबीनचे कट्टे दसरा-दिवाळीला मोंढ्यात जातात, तूर जानेवारी-फेब्रुवारीत. ऊसतोडीला गेलेली माणसं गुढीपाडव्याच्या आसपास परततात आणि त्यांची उचल बहुतेक वेळा आधीच खर्च झालेली असते. अशा घराला मार्च एंडच्या घाईत पॉलिसी दिली की पुढचा हप्ता दरवर्षी मार्चमध्येच येणार, जेव्हा हातात फक्त उन्हाळा असतो. तीच पॉलिसी नोव्हेंबरात दिली तर सोयाबीनचा पैसा बँकेत असताना हप्ता येतो. वार्षिक हप्त्याला सवलतीचे तीस दिवस मिळतात, मासिकला पंधराच. रोजंदारीवरच्या माणसाला मासिक हप्ता सोपा वाटतो, पण खात्यात पैसे नसले की बँक वर दंड लावते. हे तुम्ही मुलाखतीत नुसतं सांगितलंत, तरी छापेची जी काळजी तुम्हाला आहे ती मिटेल. लातूरच्या मॅनेजरला दुसरं काही कळो न कळो, लॅप्स झालेल्या पॉलिसींचा हिशेब वरून रोज विचारला जातो.

म्हणून तुम्ही त्यांना विचारा: तेराव्या महिन्याला तुमच्या शाखेच्या किती पॉलिसी चालू असतात? गेल्या वर्षी जे एजंट झाले त्यांतले आज किती जण काम करतात, आणि त्यांच्यातल्या दोघांशी मला बोलता येईल का? ग्राहकाने पॉलिसी परत केली किंवा वर्षभरात मोडली तर माझं कमिशन परत घेता का, किती? मी काम सोडलं तर माझ्या जुन्या पॉलिसींचं रिन्युअल कुणाला जातं? क्लेम आला तर लातुरात कोण बसतं? आणि सगळ्यात आधी, ही नोकरी आहे की एजन्सी? जाहिरातीत ‘सेल्स मॅनेजर’ लिहिलेलं असतं आणि हाती पडतं एजंटाचं नियुक्तिपत्र, असं पुष्कळ होतं. दोन्हींत वाईट काही नाही, पण आपण कशावर सही करतोय ते माहीत हवं. एका वेळी एकाच आयुर्विमा कंपनीचे एजंट होता येतं, म्हणून पहिल्याच कंपनीला घाईने होकार देऊ नका.

तुमच्यापुढे वाटा तीन-चार आहेत आणि त्या एकमेकींच्या आड येत नाहीत. पगार अधिक इन्सेंटिव्ह असलेली विक्रीची नोकरी शोधा, मग ती बँकेची असो, फायनान्सवाल्यांची असो की बियाणं-औषधांच्या कंपनीची. सुरुवातीला पैसा कमी आणि टार्गेट तितकंच डोक्यावर, पण महिन्याच्या शेवटी काहीतरी नक्की येतं. घरात वडिलांचा दवाखाना चालू असताना याला किंमत आहे. दुसरं, पीओएसपी, म्हणजे साधे-सोपे विमे विकणारा ‘पॉइंट ऑफ सेल्स पर्सन’, म्हणून सुरुवात करता येते. पंधरा तासांचं प्रशिक्षण, पात्रता दहावी, मोटारसायकल-ट्रॅक्टरचे साधे विमे. त्यातली रक्कम लहान, पण वाहनाचा विमा काढावाच लागतो, त्यामुळे ‘मला नको’ म्हणणाऱ्याशी वाद नाही, आणि कुणाची आत्या बुडत नाही. तिसरी, हीच एजन्सी, पण मुदत घालून: सहा महिने, तीही घरातली चूल त्यावर अवलंबून न ठेवता. सहा महिने एक रुपया आला नाही तर घर चालेल का, हा हिशेब वडिलांसोबत बसून करा. पुन्हा परीक्षा द्यायची असेल तर द्या. फक्त सरकारी नोकरी लागली की एजन्सी ठेवता येत नाही, एवढं लक्षात असू द्या.

या निमित्ताने ताया-वहिनींनाही एक सांगते, कारण तुमच्यासारखीच पत्रं बायकांची येतात. एलआयसीची बीमा सखी योजना डिसेंबर 2024 मध्ये सुरू झाली. दहावी झालेल्या, 18 ते 70 वयाच्या बायकांना पहिल्या वर्षी महिन्याला 7 हजार, दुसऱ्या वर्षी 6, तिसऱ्या वर्षी 5 हजार विद्यावेतन, कमिशन वेगळं. ऐकायला गोड आहे आणि वाईटही नाही, पण वर्षाला 24 पॉलिसी आणि पहिल्या वर्षीच्या बऱ्याचशा पॉलिसी पुढे चालू ठेवण्याची अट आहे, आणि ती नोकरी नाही. चोवीस आकडा लहान वाटतो. बचत गटातल्या वीस जणी संपल्या की मोठा वाटू लागतो.

राहिली तुमची शेवटची ओळ. लोक म्हणतील का? म्हणतील. एवढंच काय, विम्याचं नाव काढलं की आधी तुम्हाला पीकविम्याच्या शिव्या खाव्या लागतील. आपल्याकडे ‘विमा आला का?’ याचा अर्थ एकच आहे. एक रुपयात पीकविमा मिळायचा तो 2025 च्या खरिपापासून बंद का झाला, बहात्तर तासांत तक्रार केली तरी पैसे का नाहीत, हे सगळं तुम्हालाच विचारतील. तुमचा त्याच्याशी काही संबंध नाही हे सांगून उपयोग नाही. त्यात मल्टिस्टेट पतसंस्थांमध्ये ठेवी अडकलेल्या घरांत तर ‘बॅग घेऊन आलेला’ माणूस म्हटला की कुत्रं सोडतात. तुम्हाला लाज वाटते ती विमा विकण्याची की हरून परतल्याची, हे मला पत्रातून नीट कळलं नाही. दोन्ही असेल. पण गुरुवारच्या खोलीत दुसरी लाज घेऊन बसलात, तर ‘तीस हजार’ हा आकडा तुम्हाला ती झाकायचं पांघरूण वाटेल, आणि मग तुम्ही कशावरही सही कराल. मला भीती तेवढीच आहे.

आणि पत्रात दोन गोष्टी कुठेच नाहीत. वडिलांना या कामाबद्दल काय वाटतं, आणि विमा ही वस्तू तुम्हाला स्वतःला पटते का. तुमच्या नावावर काही आहे? वडिलांच्या? मुलाखतीआधी बँकेत जा. तुमच्या खात्यावर जीवन ज्योती विमा सुरू आहे का बघा, वर्षाला 436 रुपयांत 2 लाख, वय 18 ते 50. आणि वडिलांच्या खात्यावर अपघाताचा सुरक्षा विमा, 20 रुपयांत 2 लाख, सत्तरपर्यंत. यात एजंटाला फारसं काही सुटत नाही. तरीही, उद्या कुणा सालगड्याच्या घरी गेलात तर आधी हेच सांगावं लागेल. ते सांगून परत यायचं, आणि त्या दिवशीचं पेट्रोल अंगावर घ्यायचं, हे जमेल का ते स्वतःला विचारा. मला पहिल्या वर्षी जमलं नाही.

बुधवारी संध्याकाळी शेजाऱ्यांकडून एखादा जुना पॉलिसी बॉण्ड मागून आणा आणि वडिलांना मोठ्याने वाचून दाखवा. कुठे अडखळता ते पेन्सिलीने खुणा करून ठेवा, तेच प्रश्न गुरुवारी कामाला येतील. मुलाखतीला वही घेऊन जा आणि त्यांच्यासमोर लिहून घ्या. मूळ गुणपत्रिका घरीच ठेवा, झेरॉक्स पुरते. आणि नियुक्तिपत्र तिथल्या तिथे पुढे केलं, तर ‘घरी वाचून सोमवारी सांगतो’ म्हणा.